तीन वाजताची शांतता

सीताराम वाघचौरे यांनी बत्तीस वर्षं एसटी स्टँडवर भोंग्यातून गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्त होऊनही त्यांनी घरात साधं मीठ मागितलं तरी ते वरच्या दोन मजल्यांना कळायचं. असा हा माणूस मे महिन्यातल्या एका गुरुवारी, डोंबिवलीतल्या आपल्या वन बीएचकेत उभा राहून बायकोला छातीठोकपणे सांगत होता, "नंदा, आज तीन ते पावणेचार ह्या बिल्डिंगमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल. बंदोबस्त माझ्याकडे लागला."

प्रसंगच तसा होता. त्यांच्या मुलीला, पायलला, स्कॉटलंडच्या एका विद्यापीठात पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रात एम. एस्सी. करायची होती. तिथल्या बाई लॅपटॉपवरून मुलाखत घेणार होत्या. पहिली मुलाखत वाया गेलेली, कारण पायलने तोंड उघडायला आणि खालच्या गल्लीत हळदीचा बँजो सुरू व्हायला एकच गाठ पडली. बाईंनी मोठ्या मनाने दुसरी तारीख दिली, पण ही शेवटची असं बजावूनच. अट एकच, खोलीत पायलशिवाय कोणी नको. दुसरं माणूस दिसलं की मुलाखत बाद.

सीताराम सकाळपासून कामाला लागले. बेलची वायर त्यांनी काढून टाकली. दार वाजवायचीही कुणावर वेळ येऊ नये म्हणून ते नुसतं लोटून ठेवलं. कुकरला सुट्टी दिली. नंदाबाईंना शिंकांचा त्रास, म्हणून त्यांना दहीभातासकट स्वयंपाकघरात बसवून दार ओढून घेतलं. आणि दीड वाजता सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पोरीला कशाला तसदी, म्हणून तिला न दाखवता, स्वतःच्या मनाने:

"आमची पायल आपणा सर्वांना सोडून दूर निघाली आहे. तरी आज दुपारी ठीक तीन वाजता सर्वांनी शांतता पाळावी. – वाघचौरे परिवार."

नंतर त्यांनी घरातले तिन्ही फोन बंद करून कपाटात ठेवले. त्यामुळे ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची जी रांग लागली, ती ह्या घरात कुणाच्याही नजरेला पडली नाही.

बरोब्बर तीनला पायल आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली आणि सीताराम बंद दाराबाहेर स्टूल टाकून पहाऱ्याला बसले. पाच मिनिटांत बाहेरचं दार हलकेच उघडलं. दुसऱ्या मजल्यावरचा विनीत आणि त्याची बायको योगिनी चपला बाहेर काढून पाय न वाजवता आत आले आणि भिंतीपाशी उभे राहिले. त्यांच्या मागून आणखी लोक आले. बघता बघता अकरा माणसं झाली, सगळी पांढऱ्या कपड्यांत. उन्हाळाच होता, सीतारामना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्यांचा ऊर भरून आला. शांत राहा म्हटलं तर लोक सोबतीला आले. त्यांनी हात जोडले. विनीतने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

योगिनीने डोळ्यांना ओढणी लावत खुणेनेच विचारलं, कुठेय? सीतारामनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट ओठांवर ठेवलं.

विनीत त्यांच्या कानाशी वाकला. "काका, फार त्रास झाला का हो तिला?"

"पहिल्या वेळी झाला," सीताराम शक्य तितक्या हळू म्हणाले. "ह्या वेळी बरं चाललंय."

विनीत त्यांच्याकडे बघतच राहिला. दुःखाने माणसाचं डोकं असं फिरतं, हे त्याने ऐकलेलं, पाहत मात्र पहिल्यांदाच होता.

तेवढ्यात सीतारामची मोठी बहीण मीराबाई आंबिवलीहून येऊन पोचली. बिल्डिंगमधल्या कुणीतरी तिला कळवलं होतं. तिच्या हातात पांढऱ्या शेवंतीचा हार होता आणि गप्प राहून रडणं तिला ठाऊक नव्हतं. जिन्यापासूनच हंबरडा ऐकून सीताराम ताडकन उठले आणि हात पसरून आतल्या खोलीच्या दारात आडवे उभे राहिले.

"बाजूला हो सीताराम. पोरीचं तोंड बघू दे मला."

"अक्का, आत नको. तिचा इंटरव्ह्यू चाललाय."

हे ते कुजबुजले. म्हणजे वरच्या मजल्यापर्यंतच गेलं. पण अक्काने त्यांना कोपराने सारलं, दार ढकललं आणि ती आत घुसली. मागोमाग अकरा जण दारात दाटले.

पायल खुर्चीवर ताठ बसून इंग्रजी बोलत होती.

 मीराबाईने धावत जाऊन भाचीला मिठी मारली, तिचे गाल चाचपले आणि त्या गडबडीत हार पायलच्या गळ्यात पडला. पडद्यावरच्या पिकल्या केसांच्या बाईंनी चष्मा नीट केला. खोलीत तू एकटीच आहेस ना, असं त्यांनी दोनच मिनिटांपूर्वी विचारलं होतं आणि पायलने हो म्हटलं होतं. आता त्यांनी विचारलं, ही मंडळी कोण?

पायलने गळ्यातला हार पाहिला, पांढरे कपडे पाहिले, शेवटी बापाचा चेहरा पाहिला. तो चेहरा वाचायची तिला बावीस वर्षांची सवय होती. ती बाईंना शांतपणे म्हणाली की हे सगळे माझ्या अंत्यविधीला आलेत.

सीतारामना त्यातला 'फ्युनरल' एवढाच शब्द कळला. आणि मग, एकेक करत, आपल्या मेसेजचे सगळे शब्द कळले. त्यांनी दाराची चौकट धरली. पोरीचं वर्ष आपण आपल्या हाताने घालवलं, ह्यापलीकडे त्यांना काही सुचेना.

पण बाईंनी मुलाखत थांबवली नाही. त्यांनी समोरचा कागद बघून शेवटचा प्रश्न विचारला. घर सोडून इतक्या लांब येऊन शिकावं, असं तुला का वाटतं?

ह्या प्रश्नाचं दीड पानी उत्तर पायलने पंधरा दिवस पाठ केलेलं होतं. ते तिने म्हटलं नाही. तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश खोलीभर फिरवला. रडणारी अक्का, दारात कोंबलेली अकरा माणसं, शिंकत बाहेर आलेली आई, आणि चौकटीला धरून उभा राहिलेला बाप. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्या रडत नव्हत्या, हे आवाजावरून कळत होतं.

दहा दिवसांनी मेल आला. प्रवेश मिळाला होता. पायलने तो मोठ्याने वाचून मराठीत सांगितला. शेवटी बाईंनी स्वतःहून एक ओळ जोडली होती: वसतिगृहात तुझ्यासाठी एकटीची खोली राखून ठेवली आहे, आणि तिच्या दाराला आतून कुलूप लावता येतं.

पायल आणि नंदाबाई हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. त्यात एवढं हसण्यासारखं काय, ते सीतारामना कळेना. त्यांनी ती ओळ आणखी दोनदा वाचून घेतली.

"बाई हुशार आहे," ते समाधानाने म्हणाले. "पोरीच्या सेफ्टीचा विचार तिने आधी केला."