एक क्रमांक, दोन यंत्रं

पाणी स्वच्छ आहे की नाही, हे पाण्यावर ठरत नाही. ते वर कसं कळवलं जातं यावर ठरतं. आमच्या पाणीपुरवठा केंद्राला हे यंदा उमगलं.

पूर्वी गढूळपणा मावशी मोजायच्या. प्रयोगशाळेत त्यांची सत्तावीस वर्षं गेली. बाटली उजेडात धरायची, डोळे बारीक करायचे, मग मापनयंत्रात ठेवून आकडा मुख्यालयाला फोनवर सांगायचा. या पद्धतीत दोष एकच होता : पाणी खराब असलं की लगेच कळायचं.

म्हणून यंत्र नेटवर्कला जोडायचं ठरलं. तारवाला आला. (तीनदा आला. पहिल्यांदा शिडी नव्हती; दुसऱ्यांदा शिडी होती, तार तोकडी पडली.) तो म्हणाला, नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला स्वतःचा क्रमांक लागतो. नव्या क्रमांकासाठी अर्ज, अर्जाला पंचेचाळीस दिवस. साहेबांनी अंगठा लावायच्या हजेरीच्या यंत्राचाच क्रमांक देऊन टाकला. तो सात वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता, गुणी क्रमांक.

"साहेब, दोघं भांडतील," तारवाला म्हणाला.

"कार्यालयाची मालमत्ता आहे. भांडून जाणार कुठे?"

भांडली. गढूळपणाचा आकडा जायला लागला की अंगठे अडकायचे, अंगठे गेले की गढूळपणा. पहिल्या आठवड्यात चौदा कर्मचारी मिळून एकसष्ट दिवस गैरहजर ठरले. (त्यात एक दिवस साहेब. बैठक त्याच दुपारी झाली.) मापनयंत्राची तार काढून ठेवायचं एकमताने ठरलं. मुख्यालयाच्या पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहिला, हिरवागार : शून्य पूर्णांक आठ दशांश. इतकं सातत्य आमच्या पाण्यात कधीच नव्हतं. प्रशस्तिपत्रक आलं.

मग एका मंगळवारी मावशींनी आल्याआल्या बाटली उजेडात धरली, तर पलीकडची खिडकी दिसेना. त्या थेट साहेबांकडे गेल्या.

"साहेब, झडप बंद करायला हवी."

"पडद्यावर काय आहे?"

"तो तीन आठवड्यांपूर्वीचा आकडा आहे."

"म्हणजे तीन आठवडे पाणी चांगलंच आहे की."

मावशी दुखरे गुडघे घेऊन खुर्चीवर चढल्या आणि तार खोचली. आकडा गेला : अठ्ठेचाळीस. चार मिनिटांत मुख्यालयाचा फोन. इतके दिवस सरळ वागणारं पाणी एकाएकी असं वागत नाही, यंत्र बिघडलंय, तार काढा. मी डोळ्यांनी पाहिलंय, असं मावशी सांगत राहिल्या. साहेबांनी हजेरी उघडली. मावशींनी अंगठा लावला होता तो तार खोचल्यावर. तो गेलाच नव्हता.

"मावशी, तुम्ही आज आलाच नाहीत. पाहिलंत कसं?"

नियमात एकच वाट उरली होती : ग्राहकाची एक लेखी तक्रार आली, तर आकड्याशिवाय झडप बंद करता येते. तक्रारींची नोंदवही माझ्याकडे असते. गैरहजर मावशी त्या दिवशी दर तासाला माझ्या टेबलाशी येत होत्या.

"एक तरी?"

मी पान दाखवायची. कोरं.

ते पाणी तेवीस हजार घरांत गेलं, त्यात तुमचंही होतं. तुम्ही नळाला फडकं बांधलंत, दोनदा गाळलंत, शेजारणीला विचारलंत, आणि तिच्याकडेही तसंच येतंय म्हटल्यावर तुमचा जीव भांड्यात पडला. मुख्यालयाने मावशींनी लिहून पाठवलेला अहवाल त्याच कोऱ्या पानाच्या आधारे निकाली काढला. शेरा दोन शब्दांचा आहे : ग्राहक समाधानी.