गेनूभाऊंच्या डिस्कवरचा बांध

गेनूभाऊंच्या तंबाखूच्या डबीत तंबाखू नसते. चार पेन ड्राइव्ह असतात. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा आणि प्रत्येकात लिनक्सचा एकेक प्रकार.

कुसगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गेनूभाऊ पवनानगरचे. धरणाकाठच्या शेतात त्यांनी पर्यटकांसाठी तंबू टाकलेत. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर नवं विंडोज चढेना, तेव्हा तंबूत उतरलेल्या कुणा पुण्याच्या पोरीनं चहा पिता पिता सांगितलं, "काका, विंडोज राहू द्या, शेजारी लिनक्स टाका. विंडोजसारखंच असतं, फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं." ती सांगून गेली. निस्तरत बसले मी.

बाकीची गिऱ्हाइकं "काहीतरी टाका, चालू करा" म्हणून वडापाव खायला जातात. गेनूभाऊ स्थळ बघायला आल्यासारखे खुर्ची ओढून बसतात. पेन ड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघता येतं, लॅपटॉपमधलं काही हलत नाही, हे त्यांना सांगितलं ही माझीच चूक. पुढे दोन महिने दर बुधवारी बघायचा कार्यक्रम.

"ह्ये विंडोजसंगं नांदंल का?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "अक्षर मोठं व्हतंय का?" आणि तिसरा, अगदी खालच्या आवाजात, "पत्ते हायेत का ह्यात?"

"भाऊ, तुम्ही पत्ते खेळता?"

"छ्या. मला बदाम न् चौकटबी वळखत न्हाई."

उबुंटू नाकारलं, कारण पट्टी डावीकडे उभी. फेडोरा उघडलं तर म्हणाले, "अंगन मोकळं हाय, पन बटन कुटं?" बटण त्यांना विंडोजसारखं खाली डाव्या कोपऱ्यातच हवं. म्हटलं, भाऊ, सवय होते हळूहळू. तर म्हणे, "मला व्हईल वो." आणि पुढचा दोरा सोडायला लागले.

शेवटी मिंट पसंत पडलं. बटण कोपऱ्यात, अक्षर मोठं होतंय, पत्त्यांचा खेळ मी वरून टाकून द्यायचं कबूल केलं. मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला, तर पुढे वाटणी उभी. लिनक्सला जागा द्यायची म्हणजे डिस्कचे भाग पाडावे लागतात. माउस भाऊंनी स्वतः धरला. निम्मं विंडोजला, निम्मं लिनक्सला, आणि मधे एक चिंचोळी पट्टी कुणालाच नाही.

"भाऊ, ही जागा वाया जातेय."

"जाऊ द्या. बांध हाय त्यो."

"डिस्कवर बांध लागत नाही."

"लागतो, ताई."

बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली. मी वैतागून म्हटलं, कशाला लागतो ते तरी कळू द्या. भाऊ डबी उघडत राहिले, मिटत राहिले.

"धाकल्याचं न् माजं श्यात शेजारी. मदला बांध मी कोरला. दर साली थोडा थोडा. नामाला वाटायचं, पावसानं ढासळतोय. कळलं तवापासनं बोलत न्हाई. सहा वर्सं झाली. बांध मी मागनं परत घालून दिला, पन बोलनं काय परत आलं न्हाई."

नामा म्हणजे नामदेवभाऊ. भाऊंनी सांगितलं, ते गावच्या दूध डेअरीत कॉम्प्युटरवर बसायचे, मोकळा वेळ मिळाला की त्यावरच पत्ते लावायचे. नजर कमी झाली तशी डेअरी सुटली. आता दिवसभर ओट्यावर बसून असतात. दोन महिने गेनूभाऊंना मी मनात काय काय बोलले होते, त्याची मला लाज वाटली.

लिनक्सवर नाव कुणाचं टाकू, विचारलं. "नामदेव."

"पासवर्ड?"

"नगं. दाराला कडी दिसली तर त्यो माघारी फिरंल. भावजयीपाशी सांगावा धाडलाय. येतो म्हनला न्हाई, पन न्हाईबी म्हनला न्हाई."

पंधरा दिवसांनी भाऊंचा फोन आला, म्हणून पवनानगरला गेले. शेतातल्या घराच्या पडवीत टेबलावर लॅपटॉप, समोर रिकामी खुर्ची. अंगणापुढेच बांध आणि पलीकडे नामदेवभाऊंचा ओटा.

"काल आलता," भाऊ म्हणाले. "हितं, पायरीपत्तुर. मी घाईनं ह्ये चालू केलं."

चालू होताना लॅपटॉप विचारतो, लिनक्स की विंडोज? दहा सेकंद थांबतो आणि उत्तर नाही मिळालं की विंडोज उघडतो. तसं मीच ठेवलं होतं, भाऊंचं रोजचं काम विंडोजवर म्हणून.

"नामा खिशात चष्मा चाचपत व्हता. तवर विंडोज उगवलं. चष्मा लावला, माजं नाव बघितलं न् गेला. धा सेकंद लय कमी हायेत, ताई."

"किती करू? वीस? तीस?"

भाऊंनी बांधाकडे हात केला. "कुनी बोट लावस्तवर थांबू द्या."

मी तसं केलं आणि लॅपटॉप पुन्हा चालू केला. पडद्यावर दोन ओळी आल्या. सेकंदांचा आकडा आलाच नाही. भाऊंनी चहा आणला. माझा कप संपला तरी पडदा तसाच थांबलेला होता.

बांधापलीकडच्या ओट्यावरून नामदेवभाऊ उठले. या वेळी चष्मा त्यांनी घरूनच डोळ्यांवर चढवला होता.