चाखमास्तरांच्या पोटाची डायरी

"हे काय लिहिलंय तुम्ही?" बायकोने डायरी त्यांच्या नाकासमोर धरली. "सकाळी आठ, काही नाही. दुपारी एक, काही नाही. संध्याकाळी सहा, फुगलो. काही न खाता माणूस फुगतो का? सायकलची ट्यूब आहात?"

"काही नाही म्हणजे विशेष काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं काय ते लिहा ना! मॅडमनी काय सांगितलंय? काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, मग काय झालं. तीन रकाने आहेत. ते पण भरता येत नाहीत?"

नेहमीचं काय, हे लिहायला बसलं की चाखमास्तरांना आठवत नसे. पोट मात्र रोज आठवण ठेवून फुगत होतं. तीन महिने हा प्रकार चालला होता. सकाळी नीट बसणारी पँट संध्याकाळी हूक उघडून, वर शर्ट सोडून घरी यायची. रविवारी मात्र पोट अगदी शहाण्यासारखं वागायचं. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी डायरी दिली आणि सांगितलं, "पहिल्यांदा गहू बंद. गव्हात ग्लुटेन नावाचा एक चिकट पदार्थ असतो, तो काहींना मानवत नाही. तीन आठवडे पाव नाही, बिस्किट नाही, मैदा नाही. मग बघू."

बिस्किट नाही, हे ऐकून चाखमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण ते बिस्किटांच्या कारखान्यात बिस्किटं चाखायला होते. एकोणीस वर्षं. लोक त्यांना चाखमास्तर म्हणत ते उगाच नाही. चाखायच्या खोलीत पांढरं टेबल, उंच पाठीची एक खुर्ची, समोर अकरा बशा आणि तोंड धुवायला एक पेला. त्यांनी मान हलवली की माल गाडीत चढायचा, नाही हलवली की डुकरांना जायचा. त्यांच्या आधीच्या मास्तरांचं नाक एका सर्दीत गेलं ते परत आलं नाही. ते आता खोक्यांच्या विभागात पुठ्ठे दुमडतात आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाशी बोलत नाहीत.

"मॅनेजरला एक शब्द सांगायचा नाही," चाखमास्तर बायकोला म्हणाले. "गहू न चालणारा चाखमास्तर म्हणजे पोहता न येणारा पाणबुड्या."

*

डायरी फ्रिजला अडकवली होती आणि शेजारी दोरीला पेन बांधलं होतं. दोरीला बांधलेलं पेन दिसलं की माणसाला लिहावंसं वाटतं. त्यामुळे दुसऱ्या आठवड्यातली पानं अशी आहेत:

*सोमवार.* भात, उकडलेली भाजी. पोट ठीक.

*सोमवार.* गुडघा दुखला. भात खाऊनही. (हे अक्षर आईचं.)

*मंगळवार.* अंडं, बटाटा. पोट ठीक. आश्चर्य.

*मंगळवार.* सारखी चिडचिड. कुणाशी बोलूच नये वाटतं. (हे बायकोचं.)

*बुधवार.* शिंका. कानात पाणी गेल्यासारखं. (हे कुणाचं ते आजतागायत कळलेलं नाही.)

आहारतज्ज्ञ बाईंनी चष्मा सारखा करत ही पानं वाचली आणि एकेका ओळीसमोर काट मारत गेल्या. "अंडं बंद करा. बटाटासुद्धा. टोमॅटो, शेंगदाणे, सोयाबीन, सगळं थांबवू. गुडघा कधीपासून दुखतोय?"

"माझा? माझा नाही दुखत. तो आईचा."

"आणि चिडचिड?"

"ती बायकोची. ती डायरीच्या आधीपासून आहे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तिघं मिळून एक पेशंट आहात का?"

*

कारखान्यात चाखमास्तरांनी एक युक्ती काढली होती. बिस्किट उचलायचं, कानाजवळ मोडायचं, मोडल्याचा आवाज ऐकायचा, डोळे मिटून वास घ्यायचा आणि मान हलवायची. एकोणीस वर्षं मुरलेल्या माणसाला इतकं पुरतं, असं त्यांनी स्वतःला पटवलं. बिस्किट जिभेवर येतच नाही म्हटल्यावर मग तोंड धुवायचंही कारण उरलं नाही. बशांशेजारचा पेला ते तसाच बेसिनमध्ये रिकामा करायचे. आणि खरोखर, पोट फुगायचं थांबलं. हूक जागेवर. बायको म्हणाली, "बघा, गहूच होता." आई म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं," आणि काय म्हटलं होतं ते तिलाही आठवेना.

मग तो गुरुवार आला. पीठ कालवणाऱ्या विभागात कुणीतरी साखरेच्या पोत्याऐवजी मिठाचं पोतं ओतलं. मिठाला वास नसतो. व्हॅनिलाचा वास मात्र घमघमत होता. चाखमास्तरांनी डोळे मिटले, वास घेतला, प्रसन्न झाले, मान हलवली. माल गाडीत चढला.

तीन दिवसांनी मॅनेजरने त्यांना बोलावलं. टेबलावर पत्रांचा ढीग होता.

"मास्तर, हे एक वाचून दाखवतो. 'तुमचं बिस्किट चहात बुडवलं. चहा फेकून दिला. बिस्किट कुत्र्याला घातलं. कुत्रा तेव्हापासून माझ्याकडे बघत नाही.' हे बिस्किट तुम्ही चाखलं होतं?"

चाखमास्तरांनी सवयीने पँटचा हूक चाचपला.

"साहेब, चाखलं असं नाही. हुंगलं."

"हुंगलं?"

"मला गहू चालत नाही, साहेब." एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "तीन आठवडे झाले. पोट फुगतं. मॅडमनी बंद केलाय. एकोणीस वर्षं झाली साहेब, मला पुठ्ठे दुमडायला नका पाठवू, माझी बोटं जाड आहेत..."

मॅनेजर उठून उभा राहिला. टेबलाला वळसा घालून आला. चाखमास्तरांनी डोळे मिटून घेतले. मॅनेजरने त्यांना मिठी मारली.

"मास्तर! अहो, आधी नाही का बोलायचं! बिनगव्हाचं बिस्किट काढतोय आपण. सहा महिने चाललंय. तांदळाचं पीठ, वेगळी भट्टी, वेगळी खोली, सगळं तयार. फक्त माणूस मिळत नव्हता. ज्याला गहू चालतच नाही असा माणूस! चुकून चिमूटभर मैदा पडला, तर ज्याचं पोट लगेच बोलेल असा!"

दुसऱ्या दिवशी उंच पाठीची खुर्ची नव्या खोलीत गेली. दारावर पाटी लागली. पाकिटासाठी चाखमास्तरांचा फोटो काढला, त्यात ते कोंबडीने पेपर वाचावा तसे दिसत होते. खाली ओळ छापायची ठरली: *गहू न चालणाऱ्या चाखमास्तरांनी स्वतः खाऊन पाहिलेलं.*

"आणि गव्हाची बिस्किटं कोण चाखणार?"

"मी बघतो ना," मॅनेजर जरा घाईत म्हणाला. "तूर्तास."

*

इथे सगळं आटपायला हरकत नव्हती. पण आहारतज्ज्ञ बाईंना पुरावा हवा होता.

"रक्ताची तपासणी करून टाकू. पण त्यासाठी पोटात गहू लागतो. गहू बंद असेल तर तपासणीत काही दिसत नाही. तेव्हा सहा आठवडे रोज दोन वेळा पाव खा."

चाखमास्तरांनी हे मनात दोनदा उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे मला पाव चालत नाही हे कळण्यासाठी मी पाव खायचा."

"बरोबर."

"आणि फुगलो तर?"

"फुगा. आणि लिहा. फक्त तुमचं तुम्ही लिहा."

मग सहा आठवडे असे गेले: सकाळी घरी पाव, दिवसभर कारखान्यात पाटीखाली बसून तांदळाची बिस्किटं आणि नव्या खोलीतला पाण्याचा पेला, संध्याकाळी घरी पुन्हा पाव. घरून निघताना बायको त्यांच्या मिशा झटकायची, एखाद्या चोराचे ठसे पुसावेत तशी. एकदा ते राहूनच गेलं.

"मास्तर, मिशीत काय?" मॅनेजरने विचारलं.

"कोंडा."

"मिशीत?"

"वयपरत्वे खाली येतो, साहेब."

डायरीतलं शेवटच्या आठवड्याचं पान:

*सोमवार.* पाव. काही नाही.

*मंगळवार.* पाव, पाव. काही नाही.

*बुधवार.* केक. वाढदिवस कुणाचाच नव्हता. तरी काही नाही.

*गुरुवार.* काही नाही. मला नक्की काय झालं होतं?

*शुक्रवार.*

शुक्रवारचं पान कोरं आहे. शुक्रवारी तपासणीचा कागद आला. त्यावर सही होती, शिक्का होता, आणि मजकूर स्वच्छ होता: गव्हाचा काही त्रास नाही.

"नाही कसा?" चाखमास्तर जवळजवळ रडकुंडीला आले. "मॅडम, माझा फोटो छापतायत!"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "शांत व्हा. आता मला खाण्याचं सांगूच नका. जुन्या खोलीत सकाळपासून काय काय करत होता, तेवढं सांगा."

"काय करणार? बिस्किट मोडायचं. वास घ्यायचा. तोंडात टाकायचं, सात वेळा चावायचं, बादलीत थुंकायचं. मग दोन घोट दूध. मग पुढची बशी."

"थांबा. दूध?"

"जीभ कोरी करायला. बाकीचे लोक कोमट पाणी घेतात, पण आमच्या गुरूंची पद्धत दुधाची. बिस्किट थुंकायचं, दूध गिळायचं. दूध थुंकत नसतात हो मॅडम."

"बशा किती?"

"अकरा. दिवसातून तीनदा."

बाईंनी बोटांवर हिशेब केला आणि बोटं संपली. "लिटरभर दूध! रोज! वय वाढलं की काहींना दूध पचेनासं होतं. मग डायरीत एकदाही दूध का नाही?"

चाखमास्तरांना हा प्रश्नच कळेना. "ते खाणं कुठे होतं? ते काम होतं. डायरीत कामाचा रकाना नव्हता."

त्या दिवशी दुपारी घरी सगळ्यांच्या देखत त्यांनी तीन पेले दूध प्यायलं. पाचच्या सुमारास हूक उघडला. बायकोने डायरी मिटली, पेनाची दोरी सोडली आणि म्हणाली, "संपलं एकदाचं. आता कारखान्यात सांगून टाका."

"सांगितलं की खुर्ची गेली. तिकडचीही आणि इकडचीही. सरळ खोकी."

"आणि नाही सांगितलं तर?"

नाही सांगितलं तर काय, ते त्यांनाही माहीत होतं. तांदळाच्या पिठात मैदा पडला तरी त्यांचं पोट गप्पच बसणार होतं. बोलणार होतं ते भलत्याच कुणाचं तरी पोट, पाकिटावरचा फोटो बघून विश्वास ठेवलेल्याचं.

आई इतका वेळ गुडघा चोळत होती. ती म्हणाली, "खोकी तर खोकी. मी शिकवते तुला पुठ्ठा दुमडायला. पण कुणाच्या लेकराच्या पोटाशी खेळायचं नाही."

*

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. कागद पाहिला नाही, नुसता टेबलाच्या कडेला सरकवला.

"म्हणजे तुम्हाला गहू चालतो."

"चालतो साहेब. दूध चालत नाही. चूक झाली. मी खोक्यांकडे जातो."

"जरा थांबा. मला आधी माणूस तर शोधू द्या."

त्याने फळ्यावर सूचना लावायला सांगितली. *ज्यांना गहू खरोखर चालत नाही अशांनी मॅनेजरच्या खोलीत यावं. नव्या विभागात माणूस हवा आहे. कुणाचीही नोकरी जाणार नाही.* शेवटचं वाक्य चाखमास्तरांनी आग्रहाने घालायला लावलं.

"एखादा आला तरी पुष्कळ," मॅनेजर म्हणाला. "बिस्किटांचा कारखाना आहे. इथे कोण असणार असा?"

दहा मिनिटांनी दार वाजलं. भट्टीवाले दादा होते. मागे पीठ कालवणाऱ्या मावशी होत्या. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघं दचकले.

"मावशी, तुम्ही?"

"अकरा वर्षं, दादा. डब्यात भात आणते आणि वर पाव ठेवते. दाखवायला."

"मी पाव वॉचमनला देतो."

"मला नका देऊ आता," मागून वॉचमनचा आवाज आला. "मी पण रांगेत आहे. तुमचे पाव मी कबुतरांना घालत होतो."

चाखमास्तरांनी दारातून डोकं बाहेर काढलं. रांग पाकिटं बंद करायच्या मशीनला वळसा घालून जिन्यापर्यंत गेली होती. जो तो पुढच्याकडे रागाने बघत होता, जणू हे दुखणं आपण एकट्याने शोधून काढलं होतं. त्यातल्या किती जणांना खरंच गहू चालत नव्हता आणि किती जण आपल्या तर्काने, मेव्हण्याच्या सांगण्यावरून किंवा नुसत्या संशयावर बसले होते, हे देवाला ठाऊक. कागद कुणाकडेच नव्हता. पुठ्ठे दुमडणारे जुने मास्तरही उभे होते आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच शेजारच्याशी बोलत होते, पोट किती वाजता फुगतं याबद्दल.

"साहेब," चाखमास्तर आत येत म्हणाले, "सगळ्यांना त्या मॅडमकडे पाठवायला लागेल."

मॅनेजरने आता तो टेबलाच्या कडेचा कागद उचलला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"गव्हाचा काही त्रास नाही," तो हळूच म्हणाला. "सही आहे. शिक्का आहे. मास्तर, आख्ख्या कारखान्यात हा कागद फक्त तुमच्याकडे आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे खुर्ची उचला आणि आपल्या जुन्या खोलीत न्या. पाण्याचा पेला ठेवायला सांगतो."

"पण गव्हाची बिस्किटं तर तुम्ही चाखताय ना?"

मॅनेजर उठला. शर्टाची कॉलर नीट केली, खिडकीचा पडदा ओढला आणि आवाज अगदी खाली आणला.

"गेले सहा आठवडे मी नुसती हुंगतोय, मास्तर," तो म्हणाला. "जरा बघून सांगता का, रांगेचं टोक कुठे आहे?"