तारीख घेण्यातली समानता

कोणत्याही क्षेत्रात समानता आणायची असेल तर आधी मोजणी करावी लागते. मोजल्याशिवाय ती आधीच आलेली आहे हे कळत नाही. ॲड. दत्तप्रसाद खांबेटे यांच्या कर्वे रस्त्यावरच्या ऑफिसात दोन हजार सहा साली झालेली मोजणी अशी: वकील अकरा. त्यांत स्त्रिया पाच. काळे कोट तेरा (दोन सरांचे जादा). दारावर नावांची पाटी एक, तीवर नावे सहा. स्वच्छतागृहे दोन, एकावर 'पुरुष' असे लिहिलेले, दुसऱ्यात जुन्या फाइली.

मोजणीचे कारण हिंजवडीत होते. तिथल्या एका परदेशी सॉफ्टवेअर कंपनीला पुण्यात वकील नेमायचे होते आणि काम देण्यापूर्वी तिने एक चमत्कारिक चौकशी केली: तुमच्याकडच्या स्त्री-वकील कोर्टात उभ्या राहतात का? खांबेटे सरांनी तीस वर्षांच्या वकिलीत अनेक अवघड प्रश्न चुकवले होते. हा चुकवायची वेळच आली नाही. त्यांनी वर्षभराच्या हजेऱ्या मोजायला लावल्या आणि निकाल पाहून स्वतःच थक्क झाले. ऑफिसातले पुरुष कोर्टात एकशे एकोणचाळीस वेळा उभे राहिले होते, स्त्रिया चारशे बारा वेळा. म्हणजे समानता केव्हाच येऊन गेली होती आणि स्त्रिया तिच्या बऱ्याच पुढे निघून गेल्या होत्या.

"आता पुरुषांसाठी काहीतरी करायला हवं," सर म्हणाले. सर विनोद करत नसत.

मोजणी केली होती पूर्णिमा मेश्रामने. ती ऑफिसातली सर्वांत नवी वकील. आधी सांख्यिकीची बी.एस्सी., मग एलएल.बी. सांख्यिकी शिकलेल्या माणसाला एक वाईट खोड असते, आकडा मिळाला की तो कशाचा आहे हे तो विचारतो. पूर्णिमाने न सांगता एक रकाना वाढवला: उभे राहून काय केले? चारशे बारांपैकी चारशे नऊ वेळा स्त्रियांनी तारीख मागितली होती. उरलेल्या तीनपैकी दोनदा 'सर ट्रॅफिकमध्ये आहेत' असे सांगितले होते आणि एकदा 'सर आले' असे.

हा रकाना कंपनीला पाठवलेल्या उत्तरात गेला नाही. (कागदावर जागा पुरली नाही.)

तारीख घेणे हे बाहेरच्यांना वाटते तितके सोपे काम नाही. दावा पुकारला की उठायचे, मान किंचित झुकवायची, 'सर हायकोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी' एवढे म्हणायचे आणि खाली बसायचे. त्यासाठी सर खरोखर हायकोर्टात असण्याची गरज नसते. पुरुषाने तारीख मागितली तर न्यायाधीश 'किती वेळा, वकीलसाहेब?' असे विचारतात आणि बाईने मागितली तर विचारत नाहीत, असा ऑफिसचा दीर्घ अनुभव होता. त्यामुळे तारखा स्त्रियांनी घ्याव्यात, युक्तिवाद पुरुषांनी करावेत, अशी निसर्गाला धरून विभागणी झाली होती. युक्तिवाद लिहून देणे हे टेबलावर बसून करायचे काम असल्यामुळे तेही स्त्रियांकडेच होते.

पूर्णिमाचे वडील बल्लारपूरला राहत. घराच्या भिंतीवर कोटातल्या एका बॅरिस्टरांचा फोटो होता आणि लेकीने तसा कोट घालून कोर्टात बोलावे, एवढीच वडिलांची इच्छा होती. दर रविवारी त्यांचा फोन येई.

"काय म्हणते बाई? बोलली का कोर्टात?"

"तारीख मिळाली, बाबा."

"मोठी तारीख?"

"हो बाबा, चांगली मोठी."

"वा," वडील म्हणत. तारीख हे काहीतरी बक्षीस असावे, असा त्यांचा समज होता आणि तो मोडायचे पूर्णिमाला जमले नव्हते.

अशातच विमलाबाईंचा दावा युक्तिवादाला आला. विमलाबाई हिंजवडीजवळच्या एका गावच्या. वडिलोपार्जित जमिनीला आयटीवाल्यांमुळे सोन्याचा भाव आला, तेव्हा दोघा भावांनी बहिणीला साडी-चोळी आणि हक्कसोडीचा कागद एकदमच आणला. विमलाबाईंनी साडी ठेवून घेतली आणि कागद परत केला. 'पोरीच्या जातीला वाटा कशाला?' असे भावांचे म्हणणे होते, 'का नाही?' असे विमलाबाईंचे. या दाव्याचा कागद न् कागद पूर्णिमाने वाचला होता. युक्तिवाद तिने लिहिला होता. तो तिला पाठ होता.

"सर, हा मी करू का?" तिने विचारले.

"का नाही?" सर म्हणाले. "आपलं धोरणच आहे ते."

धोरण होते, पण प्रक्रिया नव्हती. म्हणून महिला अधिवक्ता उन्नती समिती स्थापन झाली. समितीत सर, त्यांचे भागीदार आणि राकेश नावाचा ज्युनियर असे तिघे होते. स्त्रियांना घेता आले नाही, कारण बैठकीच्या वेळी त्या तारखा घेण्यात गुंतल्या होत्या. समितीने सखोल विचार करून ठरवले की, स्त्री-वकिलाने युक्तिवाद करण्यास कोणतीही आडकाठी नाही. फक्त अशिलाची संमती असावी आणि शेजारी एक पुरुष-वकील असावा. पुरुष-वकिलासाठी संमतीची अट ठेवली नाही. त्याच्याबाबत अशिलाच्या मनात प्रश्न येत नाही, आणि न आलेल्या प्रश्नाला संमती मागणे नियमात बसत नाही.

पूर्णिमाने विमलाबाईंना बोलावले.

"बाई, तुमच्या बाजूनं मी बोलू का?"

"तू?" विमलाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिले. "तू लई हुशार हायस, पोरी. समदं तूच लिवलंस, ठावं हाय मला. पर भावाचा वकील दांडगा हाय. आपल्याबी अंगानं एखादा बाप्या उभा असंल तर बरं."

"बाप्या कशाला?"

"कोर्ट बाईचं आयकतंय व्हय?"

"मग बाई, तुमचं तरी कसं ऐकेल? तुम्ही वाटा कुणाचा मागताय?"

विमलाबाईंनी पदराचे टोक चाचपले. मग म्हणाल्या, "बरं. तूच बोल. पर त्यो राकेश बाजूला असू दे. शोभंला."

ठरल्या दिवशी दावा पुकारला गेला. पूर्णिमा उठली. तिने मान किंचित झुकवली, कारण सवय होती. तोंड उघडण्यापूर्वीच न्यायाधीशांनी समोरचे कॅलेंडर ओढले.

"खांबेटे साहेब हायकोर्टात असतील," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात ठेवू या."

"साहेब, मला तारीख नको आहे."

"मग किती पुढची हवी?"

"आजच युक्तिवाद—"

"तो त्या दिवशी करा. तारीख त्यासाठीच असते."

समोरचे दांडगे वकील अर्धवट उठून म्हणाले, "माझी काही हरकत नाही," आणि पुढचा दावा पुकारला गेला. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. न्यायाधीश स्वभावाने सज्जन होते. न मागता तारीख देण्याइतके सज्जन.

ऑफिसात या हजेरीची नोंद 'स्त्री-वकील, अंतिम युक्तिवादाच्या वेळी' अशी झाली आणि समितीने स्वतःचे अभिनंदन केले. विमलाबाई म्हणाल्या, "बगितलंस?" आणि पुढच्या वेळी सरांनाच उभे करा, असे सांगून गेल्या. पूर्णिमाने ती एक वेळ मागून घेतली. शेवटची.

मग तिने विज्ञानाच्या पदवीधराने करावे ते केले. आठवडाभर ती कोर्टात मागच्या बाकावर बसून पाहत राहिली. पुरुष उभा राहिला की न्यायाधीश पेनाचे टोपण काढत. बाई उभी राहिली की कॅलेंडर ओढत. उभे राहणाऱ्याने काय म्हटले, याचा हाताच्या हालचालीशी संबंध आढळला नाही. हात आधी हलत असे. एकदा काढलेले टोपण मात्र कुणीतरी बोलून संपेपर्यंत परत बसत नसे. कोण बोलले, याने टोपणाला फरक पडतो का, एवढेच तपासायचे राहिले होते.

"राकेश, तू फक्त उभा राहा," ती म्हणाली.

"अगं, मला फाइलमधलं काहीच माहीत नाही."

"त्याची गरज नाही. पेन उघडलं की एवढंच म्हण, युक्तिवाद माझ्या सहकारी करतील. मग बस."

"आणि समोरच्यानं मध्येच काही विचारलं तर?"

"तर घसा खाकर. तू छान खाकरतोस."

पुढच्या तारखेला राकेश उभा राहिला. तो उंच होता आणि कोट त्याला बसत असे. न्यायाधीशांनी टोपण काढले. राकेशने आपले वाक्य म्हटले आणि तो बसला. न्यायाधीशांनी एकदा कॅलेंडरकडे पाहिले, एकदा उघड्या पेनाकडे, आणि पेन तसेच धरून पूर्णिमाकडे मान वळवली. ती बोलली. जमीन, वारस, न झालेली हक्कसोड, लग्नात दिलेली भांडी म्हणजे वाटा नव्हे, सगळे. दांडगे वकील दोनदा उठले आणि दोनदा बसले. मधल्या सुट्टीची वेळ झाली तरी टोपण बाहेरच होते.

रविवारी फोन आला.

"बोलली का बाई?"

"बोलले, बाबा."

"किती?"

"पाऊण तास."

वडील म्हणाले, "तारीख नाही दिली?"

"नाही."

निकाल विमलाबाईंच्या बाजूने लागला. जमिनीचा तिसरा हिस्सा. त्या पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन ऑफिसात आल्या आणि पहिला पेढा त्यांनी राकेशच्या हातावर ठेवला. "लई झ्याक उभा राहिलास, बाबा," त्या म्हणाल्या. "त्येनंच झालं बग." मग पूर्णिमाच्या गालावरून हात फिरवून त्यांनी तिला दोन पेढे दिले. राकेशने आपला पेढा खाल्ला नाही. तो बराच वेळ हातात धरून उभा होता.

हिंजवडीच्या कंपनीने ऑफिसला काम दिले आणि समानतेबद्दल सरांचा सत्कारही ठेवला. सत्कारानंतर पूर्णिमाला चार शब्द बोलायला सांगितले. तिने ही हकीकत, इथे सांगितली तशीच, अगदी समितीपासून पेढ्यापर्यंत सांगितली. सभागृहात शहाण्णव लोक होते. सगळे सुशिक्षित, वाचनाची आवड असलेले, स्त्रियांच्या प्रगतीच्या बाजूचे. हसायच्या जागी ते हसले. समितीला विशेष हसले. न्यायाधीशांना हसताना काहींनी शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली.

शेवटी तिने हात वर करायला सांगून एकच प्रश्न विचारला: तुमच्या घरच्या शेवटच्या कोर्टकामात तुम्ही वकील कोण लावला होता?

पुरुष: पंच्याऐंशी. स्त्री: चार. उरलेल्या सात जणांवर अजून वकील लावायची वेळ आली नव्हती. कार्यक्रम संपल्यावर त्या सातही जणांनी राकेशचा नंबर घेतला.