औशाच्या आयगूळवहिनी

आमच्या शेजारच्या आयगूळवहिनी कुणाच्याही घरी गेल्या की आधी दारात थांबतात. चप्पल काढतात, मान किंचित वर करतात आणि उभ्या राहतात. घरातल्या शेवटच्या माणसाने टीव्हीवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं की मगच आत येतात. "हा प्रवेश हाय भाऊजी," त्या मला म्हणाल्या होत्या, "उगं घुसायचं नसतंय."

वहिनी किरगिझस्तानच्या. बिश्केकच्या एका नाट्यगृहात त्या राण्यांच्या भूमिका करत. आमचे डॉक्टर बालाजीराव तिकडे डॉक्टरकी शिकायला गेले आणि पदवीबरोबर या राणीला घेऊन औशाला परतले. मी ऐकीव सांगत नाही. चार चित्रपट केले असं वहिनी म्हणतात. तीन मी स्वतः पाहिले, चौथा कुठे मिळाला नाही, म्हणून मी तीनच सांगतो. तिन्हींत त्या घोड्यावर आहेत आणि घोडा खरोखर पळतो आहे.

खरं नाव आयगुल, म्हणजे चंद्राचं फूल. पण सासूबाई शिरूर अनंतपाळच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "आय बी हाय, गूळ बी हाय. लई चांगलं नाव." तेव्हापासून गल्लीने तेच धरलं. सासूला आत्याबाई म्हणायचं हेही वहिनींना त्यांनीच शिकवलं, आणि मराठीही.

एकदा गणपतीत आम्ही वहिनींचा चित्रपट पडद्यावर लावला. भाषा कुणालाच कळेना. तेव्हा वहिनी पडद्याशेजारी उभ्या राहिल्या आणि सगळ्या पात्रांचं मराठी एकट्या बोलू लागल्या. खानाने तलवार उपसली. "राणी, मी लढाईला जायलो!" राणी म्हणाली, "हाव, पण जेवून जावा." मांडव हसून लोळला. पण खान पडला, राणी त्याच्याजवळ बसली आणि वहिनींनी आवाज खाली आणला, तेव्हा रडणारी लेकरंसुद्धा गप्प झाली. माझ्याकडे आलेल्या पाहुण्यांना मी पुन्हा पुन्हा सांगत होतो, "या आमच्या शेजारीच राहतात."

त्यांचं एक वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ आहे: "मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे." भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला त्यांनी हे ऐकवलं, सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींनाही. भाजीवाल्याने तर मनावरच घेतलं. आता तो पहाटेच आम्हाला उठवतो.

एका बाबतीत मात्र त्यांनी सासूचं कधी ऐकलं नाही. घराबाहेर पडताना त्या "जाते" म्हणत.

"अगं, येते म्हन! जाते म्हनू न्हाई. मानूस परत येत न्हाई."

"आत्याबाई, मी जायले. यायले न्हाई. खोटा संवाद मी बोलत न्हाई."

बाजाराला जायचं असो की दळण आणायला, हे भांडण ठरलेलं. दोघींनाही त्याशिवाय करमत नसावं.

यंदा बिश्केकहून बोलावणं आलं. जुन्या नाट्यगृहात नवं नाटक, म्हाताऱ्या आईची भूमिका. इतक्या वर्षांनी! गल्लीने पेढे वाटले. परतीचं तिकीट काढलेलं मी स्वतः पाहिलं. पण आत्याबाईंचा तिकिटावर भरवसा नव्हता. खुब्याच्या दुखण्याने त्या खाटेवर होत्या. मला म्हणाल्या, "तिथं तिची भाषा हाय, टाळ्या हायत. हितं काय, माझा बेडपॅन. आली तर आली."

निघायच्या सकाळी गाडी दारात लागली. आम्ही सगळे आत्याबाईंच्या खोलीत जमलो. वहिनी दारात थांबल्या. मान वर. सगळ्यांनी पाहिलं, तेव्हा आत आल्या आणि सासूच्या पाया पडल्या.

आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "म्हन बाई, जाते म्हन. आज मी कायबी बोलत न्हाई."

वहिनी वाकल्या आणि त्यांच्या कानाशी हळूच काहीतरी म्हणाल्या. आम्हाला कुणालाच ते कळलं नाही. पण आत्याबाईंनी झटकन तोंड इकडे वळवलं. डोळे भरलेले, आवाज मात्र नेहमीचा, खणखणीत.

"मोठ्यानं म्हन की! मागच्या रांगेला ऐकू गेलं न्हाई."

वहिनी ताठ उभ्या राहिल्या, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "येते!"