विषय : पत्नीचा अबोला

बायकोवर टिपणी लिहायची, हा निर्णय मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत घेतला. (एरवी माझे निर्णय बायको घेते. पण तीच बोलत नव्हती, त्यामुळे नाइलाज झाला.)

चार दिवस झाले, संघप्रिया गप्प होती. डबा वेळेवर, ठेचा नेहमीसारखा जाळ, पण तोंडातून शब्द नाही. "काय झालं?" विचारलं की "काय न्हाय." आता 'काय न्हाय' म्हणजे बरंच काही असतं, एवढं पंधरा वर्षांच्या संसारात मला कळलं होतं. काय असतं, ते मात्र अजून कळलं नव्हतं. घरात नुसता कुकर बोलायचा आणि मला खरंच करमेना.

मी वीस वर्षं कारकून आहे. कुठलंही घोंगडं भिजत पडलं, की मी ते मुद्देसूद लिहून काढतो. लिहिता लिहिता गाडं कुठं अडलंय ते दिसतं. म्हणून कोरा कागद ओढला आणि सुरुवात केली.

'१) सदर पत्नी गेले चार दिवस बोलत नाही. २) निम्नस्वाक्षरीकाराने दारू, जुगार इत्यादी काहीही केलेले नाही. (तेवढी ऐपत नाही.) ३) अलीकडे पत्नीने एक लिफाफा दिला असता "ठेव तिथं, बघतो" असे सांगून तो टीव्हीवर ठेवून घेण्यात आला. अद्याप प्रलंबित.'

पेन तिथंच थांबलं. लिफाफा! स्वयंपाक, धुणी उरकून सहा वर्षं बाहेरून बी.ए. करणाऱ्या बाईनं ऐन निकालाच्या दिवसांत दिलेला लिफाफा! मी स्वतःच्या बायकोला खिडकीपुढचा अर्जदार करून टाकलं होतं. फार लाज वाटली.

तोंडावर पाणी मारून परत आलो, तर टेबल साफ.

"भाऊसाहेब, समदी कागदं सायबांकडं पोच केली बघा," शिपाई पिराजी ऐटीत म्हणाला. (महिन्याभरात त्यानं आपणहून केलेलं हे पहिलं काम.)

साहेबांनी आत बोलावलं. टिपणीच्या समासात लाल शाईचा शेरा होता : 'प्रकरण गंभीर. आजच निकाली काढावे.'

"अर्धी रजा टाका," ते म्हणाले, "आणि पळा की आता! उभं काय राहिलाय?"

पाव किलो पेढे घेतले आणि लूना पिटाळत कळंब्याला घरी पोचलो. टीव्हीवरचा लिफाफा उघडला. फर्स्ट क्लास! मला एकदम भरून आलं. "चुकलो गं," एवढंच म्हणालो. बाकीचं सांगायला टिपणीच तिच्या हातात दिली.

तिनं ती साहेबांच्या शेऱ्यासकट सगळी वाचली आणि चक्क हसली. माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"पयला मुद्दा चुकलाय की हो," ती म्हणाली. "मी आठ दिस झालं बोलत न्हाय. पयलं चार दिस तुमच्या ध्यानातच आलं न्हाय."