बाजेचं दुसरं टोक

विश्वनाथअप्पांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, गावही विचारलं नाही. अंगणात उभं राहून माझ्यावर डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "एकाहत्तर."

मी हातातली बॅग खाली ठेवली. "काय म्हणालात?"

"किलो. चपला सोडून."

अप्पा लातूरच्या मोंढ्यात अडतीस वर्षं तोलारी होते. तूर, हरभरा, सोयाबीनची पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं, हा त्यांचा धंदा. वय झालं, मोंढा सुटला, पण डोळ्यांची सवय सुटली नाही. गल्लीत येणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी आधी वजन असायचा, मग माणूस. पोस्टमन त्रेसष्ट, पिशवीसकट. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला अठ्ठावन्न, "पण दिवाळीत साठ व्हता." मी एकदा विचारलं, बायकांचं काय करता? अप्पा गंभीर झाले. "बायामाणसांचं मनात ठेवतो. बोलून दाखवायचं न्हाई."

खात्री करायला मी औषधांच्या दुकानातल्या यंत्रावर उभा राहिलो. एकाहत्तर किलो दोनशे ग्रॅम. अप्पांना सांगितलं, तर ते म्हणाले, "खिशात किल्ल्या असतील."

किल्ल्याच होत्या.

मी मूळचा नांदेडचा. आमच्या संस्थेनं मला लातूरच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून पाठवलं. बायकोची नोकरी आणि मुलीची शाळा नांदेडला, म्हणून मी एकटाच आलो आणि दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घर जुनं नव्हतं, पण मधोमध भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले. डाव्या भागात अप्पा एकटे राहत. लग्न केलेलं नाही. उजवा भाग त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाचा, म्हणजे शिवराजदादांचा. दादांची मुलगी सुनीता निलंग्याला असते. तिनंच मला खोल्या दिल्या. अंगण एक, गच्ची एक, आणि अंगणातून गच्चीवर जाणारा सिमेंटचा जिनाही एकच.

होळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अप्पांनी दाराची कडी वाजवली. "सर, एक टोक धरा."

टोक बाजेचं होतं. बाभळीच्या लाकडाची, अंबाडीच्या दोरीनं विणलेली, चांगली रुंद बाज. होळी झाली की अप्पा गच्चीवर झोपायला सुरुवात करतात, ते मृग लागेपर्यंत. रोज संध्याकाळी बाज वर जाणार, रोज सकाळी खाली येणार. मी विचारलं, वरच का ठेवत नाही?

"उन्हानं दोरी जळती."

"मग दुसरी घ्या वरच्यासाठी."

"दोन बाजा कशाला? माणूस एकच हाय."

जिना अठरा पायऱ्यांचा, मधे वळण. अप्पा पुढे, मी मागे. बाज हातात घेतली की अप्पांची भाषा बदलायची. एरवी मला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणणारा माणूस एकदम हुकूम सोडायचा. "धर. उचल. पायरी. डावीकडं. वर घे. सोड." बाज गच्चीवर टेकली की पुन्हा, "बसा सर, पाणी आनू का?" मला पहिल्यांदा राग आला, मग गंमत वाटायला लागली.

आणि बाजेवरून ते हवामान सांगत. सुकी बाज बत्तीस किलो. हवेत ओल आली की अंबाडी ती पिते, असं त्यांचं म्हणणं. एका सोमवारी संध्याकाळी भट्टीसारखी झळ होती, पंख्याखाली बसवत नव्हतं. बाज उचलल्याबरोबर अप्पा थांबले. "तेहतीस. आभाळ येनार."

मी मोबाइल काढून दाखवला. त्यात आठवडाभर पिवळाधमक सूर्य होता.

"त्यानं बाज उचलली का?" अप्पांनी विचारलं.

मंगळवारी दुपारी आभाळ आलं. बुधवारी आधी वावटळ उठली. गल्लीतली धूळ, कुणाचे तरी टॉवेल, समोरच्या आंब्याच्या कोवळ्या कैऱ्या, सगळं आमच्या अंगणात. त्या संध्याकाळी आम्ही बाज वर नेली, थेंब पडले म्हणून खाली आणली, लगेच ऊन पडलं म्हणून पुन्हा वर नेली, आणि अप्पांनी उशी ठेवेपर्यंत पुन्हा सरी. चार खेपा. माझ्या तळहातांना फोड आले. अप्पा मात्र खुशीत. "बघा, पस्तीस झाली!" जणू बाजेनं बाळसं धरलं होतं. माझ्याकडे बघून मात्र म्हणाले, "तुम्ही एकोणसत्तर. सुट्टी काढून घरी जाऊन या."

घरचे फोन रोज व्हायचे, पण तेच ते. जेवलास का, पाणी आलं का, ठेवते. वजन कमी झालेलं लातुरात फक्त अप्पांना दिसलं होतं.

गुरुवारी सकाळी धुकं. मार्चमधे! लोक स्वेटर घालून दुधाला निघाले आणि दहा वाजता घामानं भिजून परत आले. अर्धी गल्ली खोकत होती. दुपारी सुनीता निलंग्याहून आली. तिनं लातुरातच एक घडीची लोखंडी खाट विकत घेतली होती. "काका, आता वय झालं. ही वापरा."

अप्पांनी खाट उघडली, मिटली, एका हातानं उचलली. "नऊ किलो. हिच्यात खोट हाय."

"कसली खोट? नवी कोरी आहे."

"एकट्याला उचलती."

मला हसू फुटलं. सुनीता हसली नाही. तिनं खाट दारामागं उभी केली, चहा घेतला आणि साडेचारच्या एसटीनं परत गेली.

त्या संध्याकाळी पुन्हा तेच. वर नेली, विजा चमकायला लागल्या, खाली आणली, विजा थांबल्या. अप्पा तिसऱ्यांदा माझ्या दारात आले तेव्हा माझा संयम संपला. "अप्पा, ती नवी खाट आणलीय ना? ती वापरा. मला रोज हे जमणार नाही."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि वळले. बाज जिन्याच्या पायथ्याशीच राहिली.

शुक्रवारी सकाळी कडी वाजली नाही. मला हायसं वाटलं आणि लगेच हायसं वाटल्याची लाज वाटली. कॉलेजात गेलो. वाचनालयात परीक्षेची मुलं खाली माना घालून बसली होती. चारच्या सुमाराला खिडकीबाहेर पिवळा अंधार पसरला आणि पत्र्यावर कुणीतरी मूठ मूठ खडे मारावेत तसा आवाज सुरू झाला. गारा. आधी ज्वारीएवढ्या, मग बोराएवढ्या. मुलं गारा वेचायला बाहेर पळाली. मला आठवलं की माझ्या पलंगावरची खिडकी सताड उघडी आहे.

गारांचा जोर ओसरल्याबरोबर निघालो. रस्ता पांढरा झाला होता, लिंबाच्या पाल्याचा खच पडला होता, आणि हवा इतकी गार की दात वाजत होते. घरी आलो तर अंगणात बाज तशीच, गारांनी भरलेली. अप्पांचं दार उघडं. आत अप्पा नाहीत. लोखंडी खाट दारामागंच होती. मी हाका मारल्या. जिन्यावर धावलो, गच्ची पाहिली. कुणी नाही. सत्तरीच्या पुढचा माणूस, एकट्यानं बाज उचलायला गेला असेल आणि कुठं पडला असेल, असं काय काय मनात येत होतं. खाली उतरलो तेव्हा दिसलं, माझंच दार उघडं होतं.

अप्पा माझ्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. अंगात भिजलेली बंडी. खिडकीची काच फुटली होती आणि त्या भोकात त्यांचा सदरा कोंबलेला होता. माझी गादी, उशी, चादर, टेबलावरची चार पुस्तकं, सगळं स्वयंपाकाच्या ओट्यावर कोरडं ठेवलेलं.

"खिडकी उघडी व्हती," ते म्हणाले. "सुनीतानं किल्ली ठेवलीय माझ्याकडं."

"अप्पा, तुमची बाज बाहेर भिजतेय."

"भिजू द्या."

मी त्यांना टॉवेल दिला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि खोलीभर बघत राहिले, परक्या गावात उतरल्यासारखे. "अकरा वर्षांनी आलो या खोलीत."

"अकरा? दादा तर दोन वर्षांपूर्वी..."

"हाव. तो व्हता तवाच बंद केलं."

मी समोर बसलो. अप्पा माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"तो जिना हाय ना, तिथं लिंब व्हता. आमच्या बापानं लावलेला. एवढा घेर. ही बाज त्याच्या खालीच पडलेली असायची, उन्हाळाभर. मी देगलूरला लग्नाला गेलो दोन दिवस. आलो तर नुसता बुंधा. दादानं जिन्यासाठी तोडला. मला इचारलं न्हाई. मी म्हनलो, झाड तू तोडलंस, आता बाज गच्चीवर न्यायला एक टोक तू धरायचं. तेवढंच बोललो. मग बोलनंच बंद."

"किती दिवस?"

"नऊ वर्षं."

"आणि दादांनी टोक धरलं?"

"एक दिवस चुकला न्हाई. सुनीताच्या हळदीला घर पाव्हन्यांनी भरलेलं. तरी सहाला आला, हळदीच्या हातानं." अप्पांना किंचित हसू आलं. "तसं बोलायचो आम्ही. धर. उचल. सोड."

बाहेर कुणाचा तरी पत्रा वाऱ्यानं वाजत होता. अप्पांनी टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"मागच्या-मागच्या साली, असेच होळीनंतरचे दिवस. मी तोलारी मानूस. दादा चौसष्टचा व्हता. साठ झाला. मग सत्तावन्न. मला रोज दिसून राहिलं व्हतं, सर. घरात कुनाला न्हाई, पन मला दिसत व्हतं. एक दिवस जिन्याच्या वळनावर त्यानं टोक पायरीवर टेकवलं आन बसला. 'थांब जरा,' म्हनला. नऊ वर्षांत पहिल्यांदा तो आपनहून बोलला. मी वर टोक धरून उभा. काय झालं, एवढंच इचारायचं व्हतं. तोंडापर्यंत आलं."

"मग?"

"मी म्हनलो, 'उचल.'"

त्यांनी मांडीवरचा टॉवेल जमिनीवर ठेवला.

"उचलली त्यानं. वरपर्यंत नेली. आठ दिवसांनी दवाखान्यात नेला त्याला."

"तुम्ही गेलात भेटायला?"

"गेलो की. रोज गेलो. बाहेरच्या बाकड्यावर बसायचो. आत न्हाई गेलो."

आदल्या संध्याकाळी याच दारात उभं राहून मी त्यांना काय म्हणालो होतो, ते मला ऐकू येत होतं. "अप्पा, कालचं..." मी सुरुवात केली. त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं.

"दादा कुठं बसायचे या खोलीत?" काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं.

"मला काय मालूम?" अप्पा म्हणाले. "मी आलोच न्हाई. खोकल्याचा आवाज यायचा भिंतीतून. या बाजूनं यायचा." त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला, ज्या भिंतीला टेकून ते बसले होते तिच्यावरच. मग काढला.

मी उठून माझा कोरडा सदरा त्यांना दिला. तो त्यांना मोठा झाला. चहा टाकला. लाइट गेलेली, म्हणून दार उघडंच ठेवलं. अंगणातल्या गारा वितळून पाण्याचे ओघळ दाराकडे येत होते आणि पश्चिमेला आभाळ फाटून ऊन पडलं होतं, इतकं स्वच्छ की तासाभरापूर्वी काही झालं होतं हे कुणाला सांगून पटलं नसतं. मी म्हटलं, "चहा झाला की बाज झटकून वर नेऊ."

"आज राहू द्या." अप्पांनी कप दोन्ही हातांत धरला होता. "मी हितंच थोडं बसू का, सर?"

"बसा ना."

ते बसले. मीही त्यांच्या समोर जमिनीवर बसलो. चहा संपला तरी कुणी उठलं नाही. बऱ्याच वेळानं अप्पा खाकरले, मान वर न करता म्हणाले, "तुमच्या लेकीचं नाव काय हाय?"

महिनाभर आम्ही रोज भेटत होतो. मी सांगितलं, गार्गी.

"गार्गी," त्यांनी म्हणून पाहिलं. "कितवीला हाय? तुमच्यावानी हाय का आईवानी? तुम्ही न्हाई तर रडती का?"

एक झाला की दुसरा, असे ते विचारत गेले. मी एकेकाचं उत्तर देत गेलो.